सात मिनिटांचा सिनेमा : वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून-संग्रहाच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून-संग्रहाचे आजचे आणि उद्याचे चालक,
बरबँक, कॅलिफोर्निया.

स. न. वि. वि.

मार्च २०२५ मध्ये तुमच्या कंपनीनं आपल्या स्ट्रीमिंग सेवेवरून १९३० ते १९६९ या काळातली सगळी मूळ ‘लूनी ट्यून्स’ कार्टून उतरवली. त्याआधी २०२२ सरता सरता अडीचशेच्या आसपास कार्टून अशीच गेली होती. या वेळी बातम्यांतून जे कारण पुढं आलं ते असं, की मुलांच्या कार्यक्रमांमुळे वर्गणीदार वाढत नाहीत, म्हणून यापुढं भर राहील तो मोठ्यांच्या आणि घरच्यांनी मिळून बघायच्या कार्यक्रमांवर.

ते कारण वाचल्यावर मला गप्प राहवलं नाही. बग्ज बनी, डॅफी डक, वाइली कायोटी ही मंडळी जन्माला आली तीच मुळी मोठ्यांनी आणि पोरांनी एका अंधाऱ्या थिएटरात शेजारी शेजारी बसून हसावं म्हणून. घरच्यांनी मिळून बघायचं म्हणून तुम्ही जे शोधताय, ते तुमच्याच कोठारात ऐंशी-नव्वद वर्षं पडून आहे. ते तुमच्याच माणसांना ओळखू आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे चारचौघांसमोर सांगायला हवं म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकवतो. माझे विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचे; कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं, कुणी चिपळूणचं. टॉम आणि जेरी सगळ्यांच्या ओळखीचे. पण ती ओळख आता मोबाइलवर येऊन थांबली आहे : उभ्या चौकटीत कोंबलेला वीस सेकंदांचा तुकडा, वर इमोजी आणि मागं कुठलं तरी भलतंच गाणं. चक जोन्स, टेक्स एव्हरी, फ्रिझ फ्रेलेंग, बॉब क्लॅम्पेट, विल्यम हॅना, जोसेफ बार्बेरा या कार्टून-दिग्दर्शकांची नावं ते पहिल्यांदा माझ्या वर्गात ऐकतात. मी ज्या कलेवर पोट भरतो, तिचं निम्मंअधिक व्याकरण या माणसांनी बसवलेलं आहे. माझा संबंध इतका थेट आहे.

संबंध घराचाही आहे. भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं १ मे १९९५ रोजी. दिवसा कार्टून, आणि संध्याकाळी त्याच वाहिनीवर टीएनटी या चित्रपट-वाहिनीचे जुने इंग्रजी चित्रपट. आमच्या घरात इंग्रजी नीट समजायचं ते एकट्या वडिलांना, पण टॉमच्या शेपटीवर काही जड पडलं की आजीपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळे एकाच क्षणी हसायचे. वडिलांना ही कार्टून नवी नव्हती. त्यांनी ती मुंबईत मेट्रोला, मुख्य चित्रपटाआधी पाहिली होती. धोबीतलावचं ते थिएटर १९३८ मध्ये एमजीएम या अमेरिकन स्टुडिओनंच बांधलेलं, आणि आज तुमच्याकडे असलेले टॉम-जेरीही तेव्हा एमजीएमचेच. म्हणजे आमच्याकडच्या दोन पिढ्यांनी हा विनोद पाहिला, एकीनं पडद्यावर आणि एकीनं डब्यावर, आणि दोघींनाही त्यात मुलांसाठी म्हणून वेगळी काढून ठेवलेली वस्तू दिसली नाही.

तुमच्या ताब्यात नेमकं काय आहे, ते मी माझ्या बाजूनं सांगतो.

एक रीळ, सहा ते आठ मिनिटं. आधी वार्तापट, मग कार्टून, मग मोठा चित्रपट, असा तो खेळ असे. थिएटरं स्टुडिओंच्याच मालकीची होती आणि सगळं एका गाठोड्यात विकलं जाई. त्यामुळे कार्टून काढणाऱ्यांना पैसे बेताचे मिळत, पण मोकळीक भरपूर. वॉर्नरच्या आवारातल्या एका वाळवी लागलेल्या लाकडी इमारतीत १९३५-३६ च्या सुमारास एव्हरी, जोन्स आणि क्लॅम्पेट एकत्र काम करत होते. त्या जागेला त्यांनीच ‘टर्माइट टेरेस’ असं नाव पाडलं. हे आपण मुलांसाठी करतोय की मोठ्यांसाठी, याचा विचार आम्ही केला नाही, आम्हाला हसू आलं ते केलं, असं जोन्स पुढं सांगत असत. त्या मोकळेपणातून जे निघालं ते सिनेमाच होतं, फक्त सात मिनिटांचा.

विद्यार्थ्यांना मी सर्वांत आधी कड्यावरून पडणारा कायोटी दाखवतो. कायोटी ज्याच्या मागं लागतो त्या रोडरनर पक्ष्याचा पहिला लघुपट १९४९ चा. त्यातलं पडणं जोन्सनी फ्रेम मोजून बसवलं होतं. कायोटी खाली जात जात ठिपक्याएवढा होतो आणि दिसेनासा होतो. मग थोडी रिकामी वेळ, आणि नंतर तळाशी धुळीचा एक छोटासा ढग. ही रिकामी वेळ किती असावी? चौदा फ्रेम, असं जोन्सनी लिहून ठेवलं आहे. तेरा फ्रेमना हसू येत नाही, पंधरांना येत नाही, चौदांना येतं. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशोबानं तेरा आणि पंधरा यांच्यात सेकंदाच्या बाराव्या हिश्शाचा फरक. तबलजी समेवर येतो तेव्हा ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, त्यानं मात्रा मोजलेल्या नसतात. इथंही तेच घडतं. वर्गात आम्ही तो तुकडा तेरा, चौदा आणि पंधरा फ्रेमवर करून बघतो. चौदावर वर्ग हसतो. मुलांच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मला दर वर्षी बघायला मिळतं आणि दर वर्षी तितकंच आवडतं.

दुसरं म्हणजे संगीत. कार्ल स्टॉलिंग मूकपटांना ऑर्गनवर साथ करत करत वर आले आणि १९३६ पासून १९५८ पर्यंत वॉर्नरच्या कार्टूनना संगीत देत राहिले. पावलागणिक, पापणीगणिक स्वर. वॉर्नरचा भलाथोरला वाद्यवृंद त्यांच्या हाताशी होता आणि तो त्यांनी एका सशाच्या मागं उभा केला. एमजीएमकडे हेच काम स्कॉट ब्रॅडली करत होते. ‘द कॅट कॉन्सर्टो’त टॉम मैफलीत फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवायला बसतो आणि पियानोच्या आत झोपलेल्या जेरीची झोपमोड होते. सगळं भांडण त्या रचनेच्या आत, तिची लय न मोडता होतं. त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. १९४३ ते १९५३ या काळात टॉम-जेरीला अशी सात ऑस्कर मिळाली. संवाद जवळजवळ नाहीतच. टॉमची ती सुप्रसिद्ध किंकाळीसुद्धा हॅना यांनी स्वतःच्या गळ्यातून काढलेली.

‘डक अमक’ हा १९५३ चा लघुपट. डॅफी तलवार उपसून रुबाबात येतो आणि चालता चालता त्याच्या मागचं चित्रच संपतं, पुढं कोरा कागद. चित्रकार त्याची पार्श्वभूमी बदलतो, आवाज काढून घेतो, गिटारीतून बंदुकीचा आवाज काढतो, त्याला खोडरबरानं पुसूनही टाकतो. आणि तरी डॅफी डॅफीच राहतो. रूप, रंग, जागा, आवाज सगळं काढून घेतलं तरी उरतं ते पात्र, हे अभिनयाच्या जाडजूड पुस्तकातून न कळणारं सत्य सात मिनिटांत कळतं. ‘वन फ्रॉगी इव्हनिंग’ १९५५ चा. एका पाडलेल्या इमारतीच्या कोनशिलेत सापडलेला बेडूक फक्त त्या एका माणसासमोर टोपी-काठी घेऊन गातो आणि इतरांसमोर नुसता डराव करतो. त्यात बोललेला एकही संवाद नाही. हाव माणसाला कुठं नेते हे त्या माणसाच्या खांद्यांकडे बघून समजतं.

पण मला सर्वांत जवळचा आहे तो १९५२ चा ‘फीड द किटी’. एक दांडगा बुलडॉग आणि त्याच्या पाठीवर चढून बसणारं एवढंसं मांजराचं पिल्लू. घरात नवीन काही आणायचं नाही अशी मालकिणीची ताकीद, म्हणून तो ते पिल्लू लपवतो. लपवता लपवता ते पिठात जातं, आणि पिल्लू बिस्किटांसोबत भट्टीत गेलं असा त्याचा समज होतो. खरं तर पिल्लू केव्हाच बाहेर आलेलं असतं. आपल्याला ते माहीत असतं, त्याला नसतं. बाहेर अंगणात तो एवढा रडतो की बघवत नाही. मग मालकीण त्याचं सांत्वन म्हणून त्याला एक बिस्कीट देते, ते नेमकं मांजराच्या आकाराचं. तो ते बिस्कीट उचलून हळूच आपल्या पाठीवर, पिल्लाच्या जागेवर ठेवतो. वर्गात इथपर्यंत सगळे हसत असतात आणि इथं एकदम शांत होतात. एकाच चित्रात हसू आणि रडू दोन्ही धरून ठेवायचं, तेही माणसाचा चेहरा न वापरता : हे ज्यांना जमलं त्यांच्या कामाला तुमचे अधिकारी मुलांचा मजकूर म्हणतात.

हा खजिना वाढणारा नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टुडिओंची थिएटरांवरची पकड सोडवली, गाठोडी विकण्याची पद्धत बंद पडली, त्यातच टीव्ही आला, आणि सात मिनिटांच्या चित्रासाठी हजारो रेखाटनं काढण्याचा खर्च निघेना. एमजीएमनं आपला कार्टून विभाग १९५७ मध्ये बंद केला, वॉर्नरनं १९६३ मध्ये. लूनी ट्यून्स आणि वॉर्नरचीच दुसरी कार्टूनमालिका मेरी मेलडीज मिळून हजाराच्या आसपास लघुपट, आणि हॅना-बार्बेरांच्या हातचे टॉम-जेरी ११४. जे आहे ते एवढंच.

आता तक्रारी. पहिली तुम्हाला सांगून झाली : सिनेमाला मुलांचा मजकूर समजून, त्याच मापानं तोलून बाजूला टाकणं. ज्या महिन्यात हे झालं त्याच महिन्यात लूनी ट्यून्सचा नवा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट अमेरिकेच्या थिएटरांत लागला, आणि तोही तुम्ही दुसऱ्या वितरकाला देऊन टाकलेला. नव्या चित्रपटाला आलेल्या मुलाला घरी जाऊन जुना बग्ज बघावासा वाटला, तर तो तुमच्या सेवेवर नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका मोफत सेवेवर यांतली बरीच कार्टून परत आली. चांगलं झालं. आमच्यापर्यंत मात्र ती सेवा पोचत नाही.

दुसरी तक्रार मांडणीची. जेव्हा ही कार्टून तुमच्या सेवेवर होती तेव्हाही ती मालिकेसारखी ‘सीझन’ आणि ‘एपिसोड’ पाडून रचली होती. ‘डक अमक’ ही कशाचाही एपिसोड नाही. दिग्दर्शकाचं नाव शोधून एखाद्याला फक्त एव्हरी बघायचा असेल, किंवा १९३८ पासून १९४६ पर्यंत क्लॅम्पेट कसा बदलत गेला ते पाहायचं असेल, तर सोय नाही. पुस्तकांच्या दुकानात लेखकाचं नाव न लिहिता सगळ्या कथा एकाच कपाटात ओतल्या तर कुणी ऐकून घेईल का?

तिसरी, चौकट. ही चित्रं जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढली होती. आजचा टीव्ही आडवा, म्हणून अनेक वाहिन्या वरची आणि खालची पट्टी कापून चित्र ताणतात. चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यात जातो. यात नुसती सजावट जात नाही. पात्राचे पाय जमिनीला टेकताना दिसले नाहीत तर त्याचं वजन कळत नाही, आणि वजन कळलं नाही तर त्याचं पडणं विनोदी होत नाही. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर प्रेक्षक चिडतो असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर ते मला पटत नाही. माझ्या वर्गात आजवर कुणी काळ्या पट्टीबद्दल बोललेलं नाही.

चौथी तक्रार मला फार लागलेली आहे. आमच्याकडे एका वाहिनीवर मी टॉम-जेरीचे जुने लघुपट हिंदी बडबड चढवून लावलेले पाहिले. दोघंही सतत बोलतात, नटांच्या नकला करतात, चालू गाण्यांवर कोट्या करतात. बोलणाऱ्या कलाकारांवर माझा राग नाही. त्यांना दिलेलं काम त्यांनी केलं. पण स्कॉट ब्रॅडलींनी जिथं मुद्दाम शांतता ठेवली, तिथंच नेमकं वाक्य येतं. जेरीनं दाराआडून डोकावणं आणि टॉमला ते कळणं, यांच्यामधला क्षणच तर विनोद आहे. तो भरून काढला की उरतो नुसता गोंधळ. आणि भाषा कळत नाही म्हणून हे करावं लागलं असंही नाही, कारण जगभर ज्यांना इंग्रजी कळत नाही ते लोक हे लघुपट पन्नासहून अधिक वर्षं बघत आले आहेत. मराठीतही आणा, जरूर आणा : बग्ज आणि डॅफीची शाब्दिक झटापट चांगल्या मराठीत मला ऐकायची आहे, आमच्या बतावणीतला हजरजबाबीपणा तिथं शोभून दिसेल. पण जिथं बोलणं नाही तिथं ते घालू नका. परवाने तुम्ही देता, तेव्हा अटीही तुम्हीच घालू शकता.

श्रेयनामावलीबद्दल थोडक्यात. १९४० च्या दशकात वॉर्नरनं जुने लघुपट ‘ब्लू रिबन’ या नावानं पुन्हा लावले तेव्हा मूळ शीर्षकं आणि नावं कापून टाकली. कित्येकांची मूळ पाटी त्यामुळे कायमची हरवली. बग्जचं रूप जिथं नक्की झालं त्या १९४० च्या ‘अ वाइल्ड हेअर’लासुद्धा हे भोगावं लागलं. आज जी नावं उरली आहेत ती स्ट्रीमिंगवर आपोआप उडवली जातात. हातानं शाई फिरवून, पारदर्शक तावांवर रंग भरून या चित्रांना देह देणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावं तर पडद्यावर कधी आलीच नव्हती. निदान जी आली होती ती दिसू द्या.

आता त्या विषयाबद्दल, जो टाळला तर हे पत्र अप्रामाणिक ठरेल. या कार्टूनमध्ये काळ्या माणसांची, मूळ अमेरिकन लोकांची, युद्धकाळातल्या जपान्यांची जी थट्टा आहे ती अपमानकारक आहे. तेव्हाही होती, आणि तेव्हाही तिच्याविरुद्ध आवाज उठला होता. मी वर्गात ती दाखवताना कुठलीही सबब सांगत नाही. आमच्याकडच्या जुन्या नाटकांत, तमाशांत जातीवरून आणि बाईवरून केलेले विनोद आहेत, त्यांच्याशीही आम्हाला असाच सरळ व्यवहार करावा लागतो. १९६८ मध्ये तेव्हाच्या हक्कधारकांनी अकरा लघुपट वितरणातून पूर्ण काढून घेतले. पोरांच्या दुपारच्या वेळेत ते लागू नयेत हे मला मान्य आहे. मला मान्य नाही ती गुपचूप फिरलेली कात्री. टॉमच्या घरातली ती काळी बाई, जिचे बहुतेक वेळा फक्त पाय दिसतात, तिला आवाज दिला होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं. टीव्हीसाठी १९६० च्या दशकात ते पात्र काही ठिकाणी बदलून गोरं केलं, पुढं १९९० च्या दशकात आवाज पुन्हा नव्यानं भरला. अपमान पुसायला निघालेल्यांनी पुसलं काय, तर त्या सगळ्या कारखान्यातल्या मोजक्या काळ्या कलावंतांपैकी एकीचं काम. तुमच्याच डीव्हीडी संचांवर पूर्वी एक निवेदन असे : हे चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे, पण ते लपवणं म्हणजे असे पूर्वग्रह नव्हतेच असं म्हणणं. ते निवेदन मला पूर्ण पटतं. तेच सगळीकडे लावा आणि लघुपट अखंड ठेवा.

शेवटची तक्रार मालकीच्या साखळीची आहे. १९५६ मध्ये वॉर्नरनं १९४८ पूर्वीची आपली रंगीत कार्टून विकून टाकली. ती या हातातून त्या हातात गेली, १९८६ मध्ये टेड टर्नर यांच्याकडे आली, त्यांच्याबरोबर एमजीएमचे टॉम-जेरीही आले, आणि १९९६ च्या विलीनीकरणानंतर सगळं पुन्हा वॉर्नरच्या छताखाली गोळा झालं. त्यानंतर २०१८ मध्ये दूरध्वनी कंपनी आली, २०२२ मध्ये डिस्कव्हरी आली. दर वेळी नवा मालक हिशोबाची वही उघडतो आणि दर वेळी या लघुपटांना आपलं असणं नव्यानं सिद्ध करावं लागतं. या फेऱ्यात २०२३ मध्ये तर पूर्ण झालेला कायोटीचा चित्रपट न दाखवताच करसवलतीसाठी बाजूला ठेवायचं ठरलं. कलावंत आणि प्रेक्षक इतके संतापले की निर्णय फिरला आणि २०२५ मध्ये चित्रपट दुसऱ्या कंपनीला विकला गेला. लोकांनी बोललं की फरक पडतो, हे मी तिथं पाहिलं.

हरवणं म्हणजे काय ते आम्हा पुणेकरांना ठाऊक आहे. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेट फिल्मवरचे जुने चित्रपट जळाले, प्रभातचेही त्यात होते. टॉम-जेरीच्या सुरुवातीच्या कित्येक लघुपटांच्या मूळ निगेटिव्हही अशाच कोठाराच्या आगीत गेल्या. आज आपण बघतो त्या नंतरच्या प्रतींवरून केलेल्या आवृत्त्या. तुमच्याकडचे जतनाचं काम करणारे लोक उत्तम आहेत, हेही इथंच सांगतो. २०२३ पासून निघालेल्या लूनी ट्यून्सच्या ब्लू-रे तबकड्यांवरची रेषा इतकी स्वच्छ आहे, की पेन्सिलीचा दाब कळावा. पूर्वीच्या काही संचांत संगणकानं डाग काढता काढता रेषाच खाऊन टाकल्या होत्या, ती चूक आता होत नाही. फक्त या तबकड्या आमच्याकडच्या दुकानांत येत नाहीत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

हा संपूर्ण संग्रह, लूनी ट्यून्स, मेरी मेलडीज आणि एमजीएमची कार्टून, एका ठिकाणी कायमचा उपलब्ध ठेवा. तुमच्या स्वतःच्या सेवेवर नको असेल तर दुसऱ्या कुणाला द्या, पण भारतासह सगळ्या देशांत. मी पैसे देऊन बघायला तयार आहे, माझी संस्थाही तयार होईल.

लघुपट प्रदर्शनाच्या सालानुसार लावा. दिग्दर्शक, कथाकार, संगीतकार, रेखाटनकार यांच्या नावांनी शोधता येतील असे ठेवा. नामावली उडवू नका.

चौकट मूळची ठेवा. प्रसारणाचे परवाने देताना ही अट लेखी घाला, आणि मूळ ध्वनिपट्टी ऐकण्याचा पर्याय प्रत्येक प्रेक्षकाला असलाच पाहिजे, हीसुद्धा.

अजून दुरुस्त न झालेल्या लघुपटांचं काम कोणत्या क्रमानं आणि कधीपर्यंत होणार आहे, ते जाहीर करा. मालक बदलला तरी ते काम थांबू नये म्हणून एक स्वतंत्र निधी बाजूला काढा. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ १९९२ मध्येच राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला, पुढं ‘डक अमक’ आणि ‘वन फ्रॉगी इव्हनिंग’ही घेतले. ज्या देशानं या लघुपटांना वारसा ठरवलं, तिथल्या कंपनीकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि ही शेवटची मागणी आम्हा इकडच्यांसाठी. पडद्यावर दाखवता येतील अशा चांगल्या प्रतींचा, तास-दीड तासाचा एक कार्यक्रम तयार करा आणि तो फिल्म सोसायट्यांना, संग्रहालयांना, शिक्षणसंस्थांना परवडेल अशा दरात द्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं थिएटर आहे. मुंबईत पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स आमच्या पहिल्या फळीच्या अ‍ॅनिमेटरना शिकवायला आले होते. राम मोहन त्या शिकवणीतून घडले आणि त्यांच्या हाताखालून आमच्यातले अनेक जण. म्हणजे थिएटरातल्या अमेरिकन कार्टूनचं ऋण आम्ही आधीच मान्य केलेलं आहे. तुम्ही प्रती पाठवा, प्रेक्षक आम्ही आणतो. आजी-आजोबांना तिकीट अर्धं ठेवू, मुलांना फुकट सोडू, आणि माझे विद्यार्थी दारावर उभे राहतील.

हे पत्र मी तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालानंही पाठवत आहे. उत्तर यावं अशी अपेक्षा आहे, आणि आलं तर तेही मी असंच जाहीर प्रसिद्ध करीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पुण्यातील एक अ‍ॅनिमेशन शिक्षक